पगडी बांधून गस्तीवर

२०१९ च्या सप्टेंबरात ह्यूस्टन हे नाव आपल्याकडे चहाच्या टपरीपर्यंत पोचलं होतं. २२ तारखेला, रविवारी, तिथल्या एनआरजी स्टेडियममध्ये ‘हाउडी मोदी’ झाला. पन्नास हजारांच्या आसपास भारतीय जमले, भारताचे पंतप्रधान आणि अमेरिकेचे अध्यक्ष एका व्यासपीठावर उभे राहिले, आणि इथल्या वाहिन्यांनी तो सोहळा रात्री उशिरापर्यंत दाखवला. त्याच आठवड्याच्या शुक्रवारी ह्यूस्टन पुन्हा बातमीत आलं. शहराच्या वायव्येला, विलन्सी कोर्ट नावाच्या एका निवासी गल्लीत, भर दुपारी एका पोलीस अधिकाऱ्यावर मागून गोळ्या झाडण्यात आल्या. अधिकाऱ्याच्या डोक्यावर पगडी होती. नाव संदीपसिंग धालीवाल, वय ४२, हुद्दा डेप्युटी शेरीफ, नोकरी दहा वर्षांची.

आपले परराष्ट्रमंत्री नुकतेच त्या शहरात जाऊन आले होते. त्यांनी दुःख व्यक्त केलं. दोन दिवस बातम्या आल्या आणि विषय मागे पडला. धालीवाल यांच्याविषयी जे काही छापून आलं त्यातलं बरंचसं त्यांच्या शेवटच्या दहा मिनिटांविषयी आहे. मला त्याआधीची दहा वर्षं जास्त महत्त्वाची वाटतात. एका समाजाची पोलिसांविरुद्ध तक्रार होती, आणि त्या समाजातला एक माणूस चालता धंदा सोडून त्याच पोलीस खात्यात भरती झाला. असं क्वचित घडतं. का घडलं आणि त्यातून काय उभं राहिलं, हे नीट मांडायला हवं.

आधी शेरीफ म्हणजे काय ते पाहू. मुंबईचे नगरपाल आपल्याला माहीत आहेत. ते मानाचं पद असतं, मुदत वर्षाची, अधिकार जवळपास नाहीत; दिलीपकुमार आणि सुनील गावसकर या पदावर होते. टेक्सासमधला शेरीफ फार वेगळा. तो लोकांनी मतपेटीतून चार वर्षांसाठी निवडून दिलेला असतो, त्याच्या हाताखाली सशस्त्र दल असतं आणि काउंटीचा तुरुंगही त्याच्याच ताब्यात असतो. काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा. टेक्सासमध्ये २५४ काउंट्या, म्हणून २५४ शेरीफ. ह्यूस्टन ज्या हॅरिस काउंटीत येतं तिची लोकसंख्या ४७ लाखांवर आहे आणि तिथलं शेरीफ कार्यालय १८३७ पासूनचं, राज्यातलं सर्वांत मोठं. ह्यूस्टन महापालिकेचे पोलीस वेगळे. पण त्या काउंटीतली वीसएक लाख माणसं कुठल्याच नगरपालिकेच्या हद्दीत राहत नाहीत. त्यांच्या घरी चोरी झाली, शेजारी मारामारी झाली, गल्लीत अपघात झाला की येतो तो शेरीफचा डेप्युटी. आपल्याकडे ग्रामीण पोलीस ठाण्याचा जमादार जसा हद्दीतल्या प्रत्येक भांडणाचा धनी असतो, तसाच.

धालीवाल यांचं मूळ गाव पंजाबच्या कपूरथला जिल्ह्यातलं धालीवाल बेट. हा दोआबाचा मुलूख, बियास आणि सतलज यांच्या मधला. इथली माणसं शंभर वर्षांहून अधिक काळ समुद्रापार जात आली आहेत. याच कपूरथला जिल्ह्यात सुलतानपूर लोधी आहे. गुरू नानकांनी तारुण्यातली काही वर्षं तिथे काढली, आणि ती सरकारी नोकरीत काढली. दौलतखान लोदीच्या मोदीखान्यात, म्हणजे धान्याच्या कोठारात, ते मापाडी-कारभारी होते. उपदेशाला बाहेर पडण्याआधी त्यांनी लोकांना धान्य मोजून दिलं, हिशेब ठेवले. शीख परंपरेत ‘सेवा’ आणि हाताने करायचं काम एकमेकांपासून वेगळं काढता येत नाही. लंगरात भांडी घासणारा आणि तराजू धरणारा एकाच मोलाचा. धालीवाल हे सगळं लहानपणापासून ऐकत आलेले असणार, कारण त्या जिल्ह्यात वाढलेल्या शीख मुलाला हे कुणी वेगळं शिकवत नाही.

अमेरिकेत ते ट्रकच्या धंद्यात होते. तिथल्या मालवाहतुकीत पंजाबी माणूस पाय रोवून उभा आहे. महामार्गांवरच्या ढाब्यांवर मक्की दी रोटी मिळते ती त्यामुळेच. धंदा चांगला चालला होता. बायको, मुलं, ह्यूस्टनजवळ घर. इथवर ही हजारो स्थलांतरितांसारखीच गोष्ट आहे.

मग २००८ चा नोव्हेंबर आला. आपल्याला तो महिना वेगळ्या कारणाने लक्षात आहे. मुंबईत हल्ला चालू होता, जगभरच्या पडद्यांवर ताजमहाल हॉटेलचा धूर दिसत होता, आणि साधारण त्याच सुमाराला हॅरिस काउंटीतल्या एका शीख कुटुंबाच्या घरी चोरी झाली. त्यांनी पोलिसांना बोलावलं. आलेल्या डेप्युटींनी फिर्यादीलाच आरोपी ठरवल्यासारखं वागवलं, अशी कुटुंबाची तक्रार होती. दाढी-पगडी पाहून अधिकारी बिचकले, आवाज चढले, आणि मुंबईतल्या हल्ल्याबद्दल विचारणा झाली, असं त्या कुटुंबाने सांगितलं. मुंबईवर हल्ला करणाऱ्यांशी या माणसांचा काय संबंध? काहीही नाही. पण ११ सप्टेंबर २००१ नंतर अमेरिकेत पगडीकडे ज्या नजरेने पाहिलं जाऊ लागलं, त्या नजरेला असा प्रश्न पडत नव्हता. त्या हल्ल्यानंतर चारच दिवसांनी ॲरिझोनातल्या मेसा गावी बलबीरसिंग सोढी यांना त्यांच्या पेट्रोल पंपासमोर गोळी घातली गेली. ते फुलझाडं लावत होते. मारणाऱ्याने फक्त पगडी पाहिली होती.

ह्यूस्टनच्या शीख समाजात या प्रकाराने संताप होता, आणि तो रास्त होता. त्याच सुमाराला एड्रियन गार्सिया शेरीफ म्हणून निवडून आले; जानेवारी २००९ मध्ये त्यांनी सूत्रं घेतली. त्यांनी शीख समाजाशी बोलणी सुरू केली. अशा बैठका आपण आपल्याकडेही पाहतो: अधिकारी येतात, निवेदन स्वीकारतात, चहा होतो, फोटो निघतो. इथेही ते तसंच संपू शकलं असतं. पण त्या संवादातून एक माणूस पुढे आला आणि त्याने स्वतःलाच कामाला जुंपलं. पोलिसांना आमची ओळख नसेल तर ओळख करून द्यायला कुणीतरी आत जायला हवं, इतका साधा हा विचार. धालीवाल यांनी ट्रकचा धंदा सोडला आणि शेरीफ कार्यालयात तुरुंगातल्या पहारेकऱ्याची नोकरी धरली. उत्पन्न कमी झालं. गार्सिया यांनी पुढे अनेकदा ही गोष्ट आवर्जून सांगितली, आणि मला वाटतं या सगळ्या कहाणीत हीच सर्वांत मोठी गोष्ट आहे. मोर्चा काढणं, निवेदन देणं, कोर्टात जाणं, हे सगळे मार्ग खुले होते आणि त्यांचीही गरज असते. पण तिशी ओलांडलेल्या, घरसंसार असलेल्या माणसाने रांगेत सर्वांत मागे उभं राहून पहिली पायरी चढायला घेणं याला वेगळी छाती लागते.

ती पहिली पायरी म्हणजे तुरुंग. टेक्सासच्या मोठ्या शेरीफ कार्यालयांत बरेच जण तिथूनच सुरुवात करतात. हॅरिस काउंटीचा तुरुंग ह्यूस्टनच्या मध्यभागी, बफेलो बायू नावाच्या संथ प्रवाहाच्या काठी, बेकर स्ट्रीट आणि सॅन जसिंटो स्ट्रीटवरच्या उंच इमारतींमध्ये आहे. देशातल्या सर्वांत मोठ्या तुरुंगांपैकी तो एक. आत आठ-नऊ हजार माणसं. त्यातले बहुतेक कच्चे कैदी, म्हणजे खटला व्हायचा आहे, जामिनाचे पैसे नाहीत, तारखेची वाट पाहतायत. मानसिक आजार असलेल्यांची संख्या इतकी की राज्यातलं सर्वांत मोठं मनोरुग्णालय म्हणजे हा तुरुंगच, असं तिथले अधिकारीच म्हणत आले आहेत. पहारेकऱ्याचं काम कसलं? मोजणी. जेवण. औषधाच्या वेळा. कोर्टाच्या तारखेला बेड्या घालून नेणं-आणणं. रात्री कुणी रडत असेल, कुणी डोकं आपटून घेत असेल, तर ते वेळेत लक्षात येणं. इथे हातात बंदूक नसते. बोलण्यावरच सगळं भागवावं लागतं. समोरच्याचा आवाज चढला तरी आपला चढू न देणं ही गोष्ट ज्याला तुरुंगात साधते, त्याला ती पुढे रस्त्यावर उपयोगी पडते.

धालीवाल पुढे डेप्युटी झाले. आणि प्रश्न उभा राहिला तो पगडीचा. अमेरिकेतल्या बहुतेक पोलीस दलांत गणवेशाचे नियम ठरलेले: डोक्यावर खात्याची टोपी किंवा काहीच नाही, आणि चेहरा तुळतुळीत. केस न कापलेल्या, दाढी राखलेल्या, दस्तार म्हणजे पगडी बांधणाऱ्या शिखाने काय करायचं?

ज्यांनी जवळून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. पगडी ही टोपीसारखी उचलून डोक्यावर ठेवायची वस्तू नव्हे. पाच-सहा मीटर मलमल किंवा व्हॉइल. सकाळी ती आधी लांबीत दुमडायची. त्याला पूणी करणं म्हणतात, आणि त्याला बहुधा दुसरं माणूस लागतं, एक टोक बायकोने किंवा मुलाने धरायचं, दुसरं आपण, मग ताणून सारख्या घड्या. केस वर बांधून जुडा, त्यावर कपाळाशी एक आडवी पट्टी, जिला फिफ्टी म्हणतात. मग पगडीचं एक टोक दातात धरून फेरे घ्यायला सुरुवात. प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्यापेक्षा किंचित वर किंवा खाली, दोन्ही बाजूंनी सारख्या पायऱ्या पडल्या पाहिजेत. शेवटी सलाई नावाच्या बारीक धातूच्या काडीने सुरकुत्या आत सारायच्या, दातातलं टोक खाली ओढून नीट बसवायचं. सवयीच्या हातालाही पाच-दहा मिनिटं लागतात, आणि बांधताना मन शांत लागतं. एखाद्या नोकरीसाठी हे सोडून द्या म्हणणं म्हणजे त्या माणसाला रोज सकाळी आपल्या घरातून वेगळाच माणूस होऊन बाहेर पडायला सांगणं.

याआधीही जगात हा वाद झाला होता. कॅनडाच्या शाही घोडदळ पोलिसांत बलतेजसिंग ढिल्लों यांना पगडीसह सेवा करता यावी म्हणून १९९० मध्ये नियम बदलला, तेव्हा त्याविरुद्ध देशभर सह्यांच्या मोहिमा झाल्या होत्या. भारतीय सैन्यात आणि पोलिसांत पगडी इतकी नेहमीची आहे की आपल्याला हा वाद असू शकतो हेच पटत नाही. ६ फेब्रुवारी २०१५ ला गार्सिया यांनी जाहीर केलं की डेप्युटी धालीवाल यापुढे दाढी आणि पगडी राखून गस्त घालतील. हॅरिस काउंटीचे ते पहिले शीख डेप्युटी.

योगायोगाची एक गोष्ट इथे सांगावीशी वाटते. त्याच २०१५ मध्ये, एप्रिलात, आपलं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन पंजाबातल्या घुमानला भरलं होतं, संत नामदेवांच्या गावी. नामदेवांची ६१ पदं गुरू ग्रंथ साहिबात आहेत. नांदेडला गुरू गोविंदसिंगांनी १७०८ मध्ये देह ठेवला आणि तिथे तख्त उभं राहिलं. शिखांचं आणि आपलं नातं असं दुहेरी आहे. आपला एक संत त्यांच्या ग्रंथात, त्यांचे दहावे गुरू आपल्या मातीत. म्हणूनही ह्यूस्टनच्या त्या घोषणेकडे मराठी वाचकाने परक्याची बातमी म्हणून पाहू नये असं मला वाटतं.

गार्सिया यांनी मे २०१५ मध्ये महापौरपदाची निवडणूक लढवायला पद सोडलं. त्यांच्या जागी रॉन हिकमन आले, २०१७ च्या जानेवारीत एड गोन्झालेझ. निवडून येणाऱ्या शेरीफच्या मर्जीवर बरंच काही अवलंबून असतं. एकाने दिलेलं दुसरा काढून घेऊ शकतो. इथे तसं झालं नाही. मला याचं श्रेय शेरीफांइतकंच धालीवाल यांच्या रोजच्या कामाला द्यावंसं वाटतं. रस्त्यावर पगडीतला डेप्युटी दिसू लागला, लोकांना त्याची सवय झाली, सहकाऱ्यांना तो आपला वाटू लागला. चार वर्षांनी त्याचा मुद्दाच उरला नाही.

हे रोजचं काम दिसायला अगदी साधं असतं. वायव्य हॅरिस काउंटी म्हणजे महामार्ग २९०, बेल्टवे ८, हायवे ६ यांच्या जाळ्यात वसलेल्या वसाहती. एकसारखी विटांची घरं, समोर हिरवळ, टोकाला बंद होणाऱ्या गल्ल्या. डेप्युटी एकटाच गाडीत असतो. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या अभ्यासकांनी काढलेल्या आकड्यानुसार अमेरिकेत एका सर्वसाधारण दिवशी पन्नास हजारांहून अधिक गाड्या पोलीस थांबवतात. सामान्य नागरिक आणि सरकार यांची समोरासमोर गाठ पडते ती सर्वाधिक तिथेच. डेप्युटी दिवा लावतो, आपली गाडी समोरच्या गाडीच्या मागे थोडी तिरकी ठेवतो, नंबर रेडिओवर कळवतो, मग चालत चालकाच्या खिडकीशी जातो. परवाना घेतो, परत आपल्या गाडीकडे येतो, संगणकावर नाव तपासतो. या येण्या-जाण्यातली ती पंधरा-वीस पावलं सर्वांत धोक्याची असतात, कारण परतताना पाठ समोरच्या माणसाकडे असते. आणि नेमक्या या भेटीत आवाज कसा आहे, समोरच्याला माणूस म्हणून बोलावलं जातं की गुन्हेगार म्हणून, यावर पोलिसांची गावातली पत ठरते. २००८ मध्ये त्या शीख कुटुंबाच्या दारात जे बिघडलं होतं, ते दुरुस्त करण्याची जागा हीच होती. आणि ते दुरुस्त करायचं होतं ते सर्वांसाठी, फक्त शिखांसाठी नव्हे. धालीवाल ज्यांच्या गाड्या थांबवत, ज्यांच्या घरच्या चोरीच्या फिर्यादी घेत, त्यांतले बहुतेक गोरे, कृष्णवर्णीय, मेक्सिकन वंशाचे, व्हिएतनामी. पगडीचा माणूस त्यांच्या दारात मदत घेऊन येत होता.

ऑगस्ट २०१७ मध्ये हार्वे वादळ आलं. २५ तारखेला ते टेक्सासच्या किनाऱ्यावर धडकलं आणि मग पुढे सरकेचना. ह्यूस्टन परिसरावर दिवसचे दिवस पाऊस कोसळत राहिला. नेडरलँड गावी एकूण दीड मीटरच्या वर पाणी पडल्याची नोंद आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता, तो अनुभवलेल्यांना या आकड्याचा अर्थ कळेल. सपाट जमीन, काँक्रीटने झाकलेली, तुंबलेले बायू. माणसं छपरांवर, बोटींनी सुटका. डेप्युटींच्या स्वतःच्या घरांतही पाणी होतं आणि ते ड्युटीवर होते. धालीवाल यांनी ‘युनायटेड सिख्स’ या संस्थेच्या मदतीने कॅलिफोर्नियातून मदतीच्या सामानाने भरलेला एक मोठा ट्रक ह्यूस्टनला आणवला. गोन्झालेझ यांनी ही आठवण नंतर सांगितली. ट्रकच्या धंद्यातला माणूस होता तो. माल कुठून उचलायचा, किती वेळ लागेल, रस्ता कुठे बंद असेल, हे त्यांना पाठ असणार. सोडून दिलेला धंदा असा कामाला आला. त्याच वर्षी मारिया वादळाने पोर्तो रिको उद्ध्वस्त केलं, तेव्हा ते तिथेही मदतकार्याला गेले. खात्याने पाठवलं म्हणून नव्हे, समाजाच्या संस्थेबरोबर.

खात्यात ते दहा वर्षांचे झाले तेव्हा नव्या मुलांसाठी ते जुने-जाणते होते, आणि शीख समाजासाठी शेरीफ कार्यालयाचा चेहरा. गुरुद्वाऱ्यात भेटलेल्या तरुणांना हा रस्ता आपल्यालाही खुला आहे हे त्यांच्याकडे पाहून कळत होतं.

२७ सप्टेंबर २०१९, दुपारी पाऊणच्या सुमारास, विलन्सी कोर्टमध्ये त्यांनी एक गाडी थांबवली. शेरीफ कार्यालयाने नंतर सांगितलं त्याप्रमाणे गाडीतल्या कॅमेऱ्यात दिसलं ते असं: धालीवाल चालकाशी बोलले, वाद नाही, आवाज चढलेला नाही. बोलणं संपल्यावर त्यांनी चालकाचं दार बंद केलं आणि ते आपल्या गाडीकडे निघाले. चालक दार उघडून पिस्तूल घेऊन धावत आला आणि मागून त्यांच्या डोक्यात गोळ्या झाडल्या. हेलिकॉप्टरने त्यांना रुग्णालयात नेलं. ते वाचले नाहीत. कॅमेऱ्यातल्या चित्रणावरून संशयिताची ओळख पटली आणि जवळच्याच भागात त्याला पकडलं गेलं. तो रॉबर्ट सोलिस. पॅरोलचा भंग केल्याबद्दल त्याच्या नावे २०१७ पासून वॉरंट होतं. त्याला पुन्हा तुरुंगात जायचं नव्हतं, असं सरकारी पक्षाचं म्हणणं. धर्म किंवा वंश यांचा हत्येशी संबंध असल्याचं दिसत नाही, असं शेरीफ कार्यालयाने सांगितलं. याच वायव्य भागात चार वर्षांपूर्वी, २८ ऑगस्ट २०१५ ला, डेप्युटी डॅरन गोफोर्थ यांना पेट्रोल पंपावर गाडीत इंधन भरताना असंच मागून मारलं होतं. एकट्याने गस्त घालणाऱ्या माणसाचं हे भय पगडीवाल्याला आणि बिनपगडीवाल्याला सारखंच असतं.

२ ऑक्टोबरला सायप्रेस इथल्या बेरी सेंटरमध्ये अंत्यविधी झाला. हजारो लोक आले. आधी शीख विधी, अरदास आणि कीर्तन. मग पोलिसी मानवंदना. अमेरिकेत सेवेत मृत्यू आलेल्या अधिकाऱ्यासाठी शेवटचा बिनतारी संदेश देण्याची रीत आहे: नियंत्रण कक्ष त्याच्या नावाने हाक देतो, उत्तर येत नाही, पुन्हा हाक, आणि मग त्याची पाळी संपली असं जाहीर होतं. गणवेशातले डेप्युटी डोकी झाकून बसलेले आणि पंजाबी आज्या पोलिसी बिगुलाला उठून उभ्या राहिलेल्या, असं चित्र त्या काउंटीने आधी पाहिलेलं नव्हतं. कुटुंबासाठी निधी उभा राहिला. एका पिझ्झा दुकानाने दिवसाचा नफा द्यायचं ठरवलं तर लोकांनी बाहेर रांगा लावल्या.

विस्कॉन्सिनमधल्या ओक क्रीकचा गुरुद्वारा या संदर्भात आठवतो. ५ ऑगस्ट २०१२ ला तिथे एका वंशवाद्याने सहा शिखांना ठार केलं, तेव्हा पहिला पोचलेला पोलीस लेफ्टनंट ब्रायन मर्फी. त्यांना पंधरा गोळ्या लागल्या, आणि मदतीला धावलेल्या सहकाऱ्यांना त्यांनी हाताने खूण केली: आधी आतल्यांना बघा. मर्फी वाचले. एका गावी गोऱ्या पोलिसाने शिखांसाठी गोळ्या झेलल्या, दुसऱ्या गावी शीख पोलिसाने सगळ्यांसाठी गस्त घातली.

मृत्यूनंतर धालीवाल यांचा सन्मान पुष्कळ झाला. बेल्टवे ८ चा एक भाग त्यांच्या नावाने ओळखला जाऊ लागला. अमेरिकी काँग्रेसने कायदा करून डिसेंबर २०२० मध्ये ॲडिक्स हॉवेल रोडवरच्या टपाल कार्यालयाला त्यांचं नाव दिलं. भारतीय वंशाच्या व्यक्तीच्या नावाचं ते अमेरिकेतलं दुसरंच. पहिलं कॅलिफोर्नियात टेमेक्युला इथलं, काँग्रेसमध्ये निवडून गेलेले पहिले आशियाई दलिपसिंग सौंद यांच्या नावाचं. ऑक्टोबर २०२२ मध्ये ज्यूरीने सोलिसला दोषी ठरवलं आणि मृत्युदंड सुनावला. खटल्यात त्याने स्वतःच स्वतःची बाजू मांडली होती.

फलकांचा आनंद आहे. पण माझं लक्ष दुसऱ्या एका तारखेकडे जातं. १८ नोव्हेंबर २०१९ ला ह्यूस्टन महापालिकेच्या पोलिसांनी जाहीर केलं की शीख अधिकारी आपल्या धर्मचिन्हांसह सेवा करू शकतील. म्हणजे धालीवाल यांच्या हत्येनंतर दोन महिन्यांच्या आत. शेजारच्या शेरीफ कार्यालयात पगडीतला डेप्युटी चार वर्षांहून अधिक काळ गस्त घालत होता, काही अडलं नव्हतं, हे सगळ्यांना दिसत होतं. तेव्हा हे झालं नाही. एखाद्या माणसाच्या जगण्याने जे सिद्ध झालं होतं, ते मान्य व्हायला त्याचं जाणं का लागावं? याचं मला दुःख आहे, आणि ते लपवावंसं वाटत नाही. न्यूयॉर्कच्या पोलिसांनी डिसेंबर २०१६ मध्ये अशी परवानगी दिली होती, अमेरिकी लष्कराने जानेवारी २०१७ मध्ये. उदाहरणांची वाण नव्हती.

जानेवारी २०२० मध्ये हॅरिस काउंटीतच अमृतसिंग या एकवीस वर्षांच्या तरुणाने पगडी बांधून डेप्युटी कॉन्स्टेबल म्हणून शपथ घेतली. कॉन्स्टेबल हीदेखील तिथे शेरीफपेक्षा निराळी, निवडून येणारी यंत्रणा. काउंटीत अशी आठ कार्यालयं आहेत, आणि त्या सर्वांनी त्यावेळी पगडी-दाढीला मुभा देणारं धोरण मान्य केलं. अमृतसिंग यांना कुठला धंदा सोडावा लागला नाही, कुणाच्या दारात तक्रारीपासून सुरुवात करावी लागली नाही. प्रशिक्षण पूर्ण केलं, परीक्षा दिली, अर्ज केला. हॅरिसच्या बाहेर अजून प्रत्येक काउंटीचा शेरीफ आपापला नियम ठरवतो. तिथे भरती व्हायला निघालेल्या शीख मुलाला आधी विचारावं लागतं, आणि विचारताना तो हॅरिस काउंटीचं उदाहरण देऊ शकतो.